अंगठ्याची साक्ष

बार्शीत कुणाच्या पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का पडला की तो माणूस आधी भगवंताच्या देवळात जायचा आणि तिथून उदय चिवट्यांच्या घरी. देवापुढे नारळ, चिवट्यांपुढे पाकीट. पाकिटातली सगळी कार्डं टेबलावर मांडायची आणि गुमान बसून राहायचं. चिवटे चष्मा कपाळावर चढवून एकेक कार्ड डोळ्यांशी न्यायचे आणि डॉक्टरनं जीभ बघावी तसं उलटसुलट करून बघायचे.

"हे घरी ठेवा. परदेशात प्रत्येक खरेदीवर साडेतीन टक्के कापतं, वर त्याच्यावर जीएसटी. हे डॉलर भरून न्यायचं कार्ड. अमेरिकेला ठीक आहे, पण तुम्ही चाललाय व्हिएतनामला. म्हणजे रुपयाचे डॉलर आणि डॉलरचे डोंग, दोनदा हजामत. हे तिसरं घ्या. मशीनमधून काढायचे तर एकदाच मोठी रक्कम काढा, फी खेपेवर असते. आणि मशीन गोड बोलून विचारतं, रुपयांत हिशेब करू का? नाही म्हणायचं. हो म्हणालात की भाव त्याचा."

एवढं ज्ञान चहासकट फुकट मिळायचं. त्यासोबत एक गोष्ट मात्र ऐकावी लागायची. चिवट्यांनी एकतीस वर्षं गावातल्या अर्बन बँकेत कॅश काउंटर सांभाळला होता. दोन हजार सोळा साली पिंपळगावची एक म्हातारी पुतण्याला घेऊन पैसे काढायला आली. तोंडानं म्हणाली, माझ्या राजीखुशीनं काढतेय. पण शाईच्या गादीवर टेकवलेला तिचा अंगठा थरथरत होता. चिवट्यांनी कॅश संपली म्हणून सांगितलं, आत जाऊन मॅनेजरला उठवलं, आणि पुतण्याचं बिंग फुटलं. पेपरात चार ओळी आल्या होत्या. गोष्ट संपताना ते प्रत्येक वेळी तेच वाक्य म्हणायचे, "तोंड खोटं बोलतं हो, अंगठा बोलत नाही."

सन २०४३ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी ईश्वरी जॉर्जियाला, तिबिलिसी शहरात डॉक्टरकीला निघाली. ॲडमिशन करून दिली ती वैरागच्या दिनकर ढवणनं. तिकडे मुलामुलींचं वसतिगृह चालवणारा, दर उन्हाळ्यात इकडे येऊन पोरं गोळा करणारा हा माणूस चिवट्यांकडे दोनदा जेवून गेला होता, ज्योत्स्नाबाईंना वहिनी म्हणाला होता. आपल्या भागातला माणूस म्हणजे अर्धी काळजी मिटली, असं चिवट्यांना वाटलं. उरलेली अर्धी मिटवायला त्यांनी कार्ड शोधायला घेतलं. साऱ्या गावाला पाच मिनिटांत कार्ड निवडून देणारा हा गृहस्थ स्वतःच्या मुलीसाठी दोन महिने निवडत बसला.

शेवटी अभय कार्ड सापडलं. एका नव्या बँकेचं. परदेशी खरेदीवर कपात शून्य, मशीनमधून रोकड काढायला फी शून्य. पण चिवटे भाळले ते वेगळ्याच गोष्टीवर.

कार्डाच्या कोपऱ्यात शर्टाच्या बटणाएवढी काच होती. पैसे देताना सहा सेकंद तिच्यावर अंगठा टेकवायचा. ठसा जुळवणं हे जुनंच काम. नवं काम त्यानंतरचं. काचेखालून हिरवा उजेड कातडीत शिरायचा. बोटात रक्त भरून आलं की तो उजेड जास्त शोषला जातो, ओसरलं की कमी. तेव्हा परत येणाऱ्या उजेडाच्या चढउतारात नाडी उमटते. शांत माणसाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं नसतं, श्वासाबरोबर ते थोडं मागेपुढे होतं. माणूस भ्याला की ते एकसुरी होतं आणि वेग वाढतो. जोडीला बोटाची डोळ्याला न दिसणारी थरथर आणि घामाचा ओलावा. पहिल्या चाळीस वापरांत कार्ड आपल्या मालकाची रोजची नाडी शिकून घ्यायचं आणि मग दर वेळी सांगायचं की आजची नाडी त्यापासून किती ढळली आहे.

त्याचा एक आकडा निघायचा, शून्य ते शंभर. बँकेनं त्याला नाव दिलं होतं भयांक. भयांक सत्तरच्या वर गेला की मशीन 'रोकड संपली आहे' असं सांगायचं, म्हणजे मागे सुरा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला संशय येऊ नये; आणि त्याच क्षणी बँकेला खबर जायची. मालक पंचविशीच्या आतला असेल तर आणखी एक सोय होती. प्रत्येक वापराचा भयांक पालकाच्या फोनवर.

चिवट्यांनी माहितीपत्रक वाचून संपवलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांची पिंपळगावची म्हातारी कुणीतरी प्लास्टिकमध्ये उतरवली होती.

ईश्वरीनं कार्ड हातात घेऊन विचारलं, "पप्पा, म्हणजे मी वडापाव खाल्ला तरी तुम्हाला कळणार?"

"वडापाव नाही कळणार. फक्त आकडा."

"फक्त?" ती म्हणाली.

ज्योत्स्नाबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका. त्यांनी एकदाच तोंड उघडलं. "अहो, ताप आला तर थर्मामीटर लावतात. तो तोंडात धरून कुणी रोज जेवायला बसत नाही."

"तुला नाही कळायचं," चिवटे म्हणाले. "मी बघितलीयत माणसं काउंटरवर."

*

पहिले दोन महिने आकडे वीस ते तीसच्या दरम्यान येत राहिले. पाव चोवीस. बस सव्वीस. वह्या-पेनं बावीस. चिवटे दिवसातून दहादा फोन बघायचे. ज्योत्स्नाबाई शाळेतून आल्या की पहिलं वाक्य ठरलेलं, "आज कमाल सत्तावीस." बाई पर्स खुंटीला लावायच्या आणि विचारायच्या, "बोललात का तिच्याशी?" त्यावर उत्तर असायचं, "बोलायचं काय त्यात? शांत आहे पोरगी."

मग एकदा एकसष्ट आला. चिवट्यांनी तिथल्या तिथं फोन लावला.

"काय झालं ईशू? कोण आहे जवळ?"

"कोट घेतेय पप्पा. दुकान बंद व्हायला आलं होतं, जिन्यावरून पळत आले."

पुढच्या आठवड्यात छप्पन्न. तेव्हा भटकं कुत्रं मागे लागलं होतं. मग त्रेसष्ट, तेव्हा दहा मिनिटांवर तोंडी परीक्षा होती आणि ती पाण्याची बाटली घेत होती. दर वेळी फोन. परीक्षेच्या वेळी फोन उचलला नाही म्हणून चिवट्यांनी ढवणला फोन केला, ढवणनं वसतिगृहाच्या बाईला पिटाळलं, आणि ती बाई ऐन परीक्षेच्या दारात येऊन मोठ्यानं विचारू लागली की चिवटे मुलगी कोण, तिचे वडील घाबरलेत. वर्गात महिनाभर हसणं चाललं होतं. हे चिवट्यांना कधी कळलं नाही. भयांकात हसण्याचा रकाना नव्हता.

फेब्रुवारीत अडुसष्ट आला. कॉफीच्या दुकानातून.

"कोण होतं बरोबर?"

"जोएल म्हणून आहे, वर्गातला. कोट्टयमचा."

"कॉफीला अडुसष्ट कसा काय होतो, ईशू?"

एकोणीस वर्षांची पोर. आवडणाऱ्या मुलासमोर आयुष्यात पहिल्यांदा बसली होती आणि माझी कॉफी मीच देणार म्हणून ऐटीत कार्ड पुढे केलं होतं. त्या सहा सेकंदांत तिच्या काळजात जे झालं ते तिनं अजून स्वतःलाही सांगितलं नव्हतं. ते जवळजवळ चार हजार किलोमीटरवर बापाच्या फोनवर आकडा होऊन पडलं. बापाला पाहायला नको असं काहीतरी प्रत्येक मुलीपाशी असतं, आणि शहाणे बाप तिकडे पाठ करून उभे राहतात. चिवट्यांनी तीन दिवस रोज फोन केला. जोएलचे वडील काय करतात, तो कुठं राहतो, कॉफीचे पैसे त्यानं का दिले नाहीत. चौथ्या दिवशी ईश्वरी म्हणाली, "पप्पा, आता नाही जाणार मी कॉफीला. ठीक आहे?"

"तसं नाही बेटा, तू जा की. मी फक्त..."

"ठीक आहे ना पण आता?"

मार्चपासून आकडे उतरले. एकोणतीस, अठ्ठावीस, तीस. परीक्षा असो, कुत्रं असो, काहीही असो, तिसाच्या वर म्हणून काटा हलेना. चिवट्यांनी आलेख काढून भिंतीवर लावला. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. "बघा, सहा महिन्यांत पोरगी कशी रुळली. ही सवय लागते हो एकदा, शांतपणाची."

ज्योत्स्नाबाई तो आलेख बघून म्हणाल्या, "माणसाचं इतकं सरळ असतं का कधी?"

"तुला दोन्हीकडून तक्रार," चिवटे म्हणाले.

*

सप्टेंबरात पुढच्या सत्राची फी भरायची होती. बँकेतून थेट पाठवली तर कमिशन जातं, मधल्या बँका वेगळं कापतात. अभय कार्डानं विद्यापीठाच्या खिडकीवर भरली तर एक पैसा कापला जात नाही. चिवट्यांनी सगळी रक्कम कार्डावर चढवली आणि त्या आठवड्यापुरती खर्चाची मर्यादा काढून टाकली.

गुरुवारी संध्याकाळी ते गॅलरीत बसले होते. साडेपाचला फोन वाजला. मशीनमधून तिकडच्या चलनातले दोन हजार लारी, भयांक एकोणतीस. पाचपन्नासला पुन्हा दोन हजार, एकतीस. मग अठ्ठावीस. साडेसहाला तीस. जवळजवळ सगळी फी रोकड होऊन बाहेर आली होती, चार वेगवेगळ्या मशीनमधून.

ज्योत्स्नाबाईंनी मागून पाहिलं. "एवढी रोकड कशाला? फोन लावा."

चिवट्यांनी फोन हातात घेतला आणि परत मांडीवर ठेवला. "रोखीनं मागितली असेल फी. आकडा बघ ना, किती शांत आहे. समजून-उमजून काढतेय. मागे एवढ्यातेवढ्यावरून फोन करायचो, तिला आवडायचं नाही. आता मोठी झाली ती."

वर्षभरात त्यांनी फोन करायचा मोह आवरला असा हा पहिलाच दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईश्वरीचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"पप्पा, ढवणनं काल माझे फीचे पैसे काढून घेतले."

"काढून घेतले म्हणजे?"

"गाडीत बसवलं मला. आमचे पासपोर्ट राहण्याच्या परवान्यासाठी म्हणून त्याच्याकडेच असतात. म्हणाला, तुझ्या बापानं माझं कमिशन बुडवलंय, ते आत्ता दे, नाहीतर पासपोर्ट फाडतो आणि पोलिसांना सांगतो, ही बिनकागदाची राहतेय. चार मशीनवर फिरवलं. त्याचा एक माणूस माझा दंड धरून उभा होता पप्पा, पूर्ण वेळ. दंडावर बोटं उमटलीयत. आता पासपोर्ट दिलाय परत, म्हणून तुम्हाला फोन करतेय."

कमिशन त्यांनी पै न् पै दिलं होतं, पावती कपाटात होती. त्यांनी तोंड उघडलं ते ढवणला शिवी घालायला. पण हातातल्या फोनवर आकडे उघडेच होते आणि नजर तिकडे गेली.

"पण ईशू," ते म्हणाले, "आकडा तर एकोणतीस आहे."

"काय?"

"चारही वेळा तिसाच्या आसपास आहे. दंड धरला होता म्हणतेस, मग आकडा वर जायला पाहिजे होता की नाही? सत्तरच्या वर गेला असता तर मशीननं पैसेच दिले नसते."

"पप्पा, तुम्ही आता आकडा बघताय?"

"मी विचारतोय फक्त."

"मी खोटं बोलतेय असं वाटतंय तुम्हाला?"

"तसं म्हटलं का मी? जे असेल ते सांग, मी रागावणार नाही. त्या जोएलला काही अडचण होती का?"

तिच्याकडे एका वाक्यात उत्तर होतं. ते तिनं दिलं नाही. दंडावरच्या वळांपेक्षा जो बाप आकडा मोठा मानतो, त्याच्यापुढे पुरावे मांडत बसायची तिला त्या क्षणी किळस आली. तिनं फोन ठेवून दिला.

चिवट्यांनी मग ढवणला फोन लावला. ढवण जरासुद्धा चपापला नाही. "सायेब, पोरगी लाखात एक हाय तुमची. पर संगत वंगाळ लागली. त्या केरळ्या पोराबरं असती सारखी. मी वडलाच्या जागी, बोललो तर माझ्यावरच आळ! तुमी ब्यांकेतलं मानूस. तुमाला काय सांगायचं? कार्ड काय म्हनतंय ते बघा."

चिवट्यांनी कार्ड काय म्हणतंय ते बघितलं होतं.

*

तिबिलिसीच्या पोलिसांनी ईश्वरीची तक्रार लिहून घेतली, बँकेकडून नोंद मागवली, चार शांत आकडे पाहिले आणि कागद बाजूला ठेवला. सगळं आता बँकेच्या हातात होतं. जबरदस्ती सिद्ध झाली तर अभय कार्डाचा विमा पूर्ण रक्कम परत देणार होता. फी भरायला अजून बारा दिवस होते. नाही भरली तर सत्र जाणार होतं, आणि सत्र गेलं तर पुढच्या वर्षाच्या यादीतलं तिचं नावही.

पाचव्या दिवशी बँकेच्या तपास विभागातून पालकर नावाच्या अधिकाऱ्याचा फोन आला. मऊ बोलणारा, वयस्क माणूस.

"चिवटे साहेब, तुमच्या मुलीनं जबरदस्तीचा दावा केलाय. भयांक दाव्याच्या विरुद्ध आहे. नियमानं दावा इथंच फेटाळला जातो. पण एक वाट आहे. पालकानं लिहून द्यायचं, की मुलीला मी ओळखतो आणि माझ्या मते या प्रसंगी हा आकडा विश्वासार्ह नाही. तेवढं एक वाक्य आलं की प्रकरण यंत्राकडून काढून तीन माणसांच्या समितीकडे जातं. मग आम्ही मशीनवरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण मागवतो. ते तिकडे पंधराच दिवस ठेवतात, म्हणून घाई करतोय."

"आणि लिहून नाही दिलं तर?"

"तर आकडा अंतिम." मग पालकर म्हणाले, "साहेब, मलाही मुलगी आहे. मी असतो तर दोन मिनिटांत लिहून दिलं असतं."

चिवट्यांच्या आयुष्यात एकतीस वर्षांत कॅश एकदाही कमी-जास्त भरली नव्हती. साहेब लोकांच्या, पुढाऱ्यांच्या, सख्ख्या मेव्हण्याच्या सांगण्यावरून त्यांनी कधी खोटा कागद केला नव्हता. त्या सचोटीचा त्यांना अभिमान होता, आणि नेमका तोच आडवा आला. त्यांनी फॉर्म उघडला. ज्योत्स्नाबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"लिहा," त्या म्हणाल्या.

"मला पटत नाही ते कसं लिहू? प्रतिज्ञापत्र आहे हे."

"पोटची पोर सांगतेय."

"पोटची पोर आहे म्हणून खोटी सही करू? माझी आयुष्यभराची..."

"तुमची आयुष्यभराची काय? माणसं ओळखता म्हणे तुम्ही! त्या परक्या म्हातारीवर विश्वास ठेवलात ना?"

"म्हातारीवर नाही," चिवटे म्हणाले. "तिच्या अंगठ्यावर."

आणि त्यांनी लिहिलं. सुवाच्य, बँकेच्या मराठीत. *सदर आकडा अविश्वसनीय मानण्यास माझ्याकडे कोणताही आधार नाही.* खाली अंगठा टेकवला. आपण मुलीचं भलंच केलं, तिला पहिल्याच चुकीवर सावरलं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. हात दाखवून अवलक्षण करणारे बहुतेक लोक अगदी मनापासूनच ते करतात.

बँकेच्या नियमानुसार पालकाच्या निवेदनाची एक प्रत कार्डधारकाला जाते. ती त्याच संध्याकाळी ईश्वरीला मिळाली.

*

ईश्वरीचे फोन बंद झाले. म्हणजे चिवट्यांना बंद झाले. आईशी ती शाळेच्या मधल्या सुट्टीत बोलायची. दोन आठवडे गेले, सत्र गेलं. एका रविवारी ज्योत्स्नाबाईंनी पोळ्या करता करता गॅस बंद केला आणि पीठ लागलेल्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तिनं सांगू नको म्हटलंय. पण मी सांगणार. गोळ्या घेत होती ती."

चिवटे ताडकन उठले. "कसल्या गोळ्या? ड्रग्ज?"

"झालं, लगेच ड्रग्ज! रक्तदाबाची गोळी असते एक. स्टेजवर जाणारे लोक, परीक्षेला हात कापणारी पोरं घेतात. डॉक्टरकी शिकतेय ती, तिला माहीत होतं. भीती वाटली की शरीरात जे सुटतं, ते त्या गोळीनं हृदयापर्यंत पोचत नाही. आतून माणूस मरणाचा घाबरलेला असला तरी नाडी चालते संथ आणि हात कापत नाही. घाम थांबत नाही म्हणे, पण तुमचं कार्ड भर देतं नाडीवर. रोज सकाळी एक. मार्चपासून."

"पण का?"

ज्योत्स्नाबाईंनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "तुमचा फोन येऊ नये म्हणून."

चिवटे खाली बसले.

"पहिल्या मशीनवर ती वाट बघत होती," बाई म्हणाल्या. "की आता मशीन म्हणेल रोकड संपली, आता म्हणेल. अंगठा टेकवून उभी होती आणि देवाचं नाव घेत होती. आणि मशीननं नोटा मोजायला सुरुवात केली तेव्हा तिला आठवलं, की सकाळी गोळी घेतलीय."

चिवट्यांनी पालकरांना फोन लावला. मला निवेदन मागं घ्यायचंय, आधार आहे, आता आधार आहे. पालकरांनी सगळं ऐकून घेतलं.

"साहेब, चित्रण पुसलं गेलं. गेल्या गुरुवारी पंधरा दिवस झाले. आता समितीपुढे ठेवायला काही नाही. आणि तुमचंच निवेदन फाइलला आहे." मग ते म्हणाले, "मी तुम्हाला म्हटलं होतं."

ढवण पुढच्या उन्हाळ्यातही बार्शीत आला, एका लॉजच्या हॉलमध्ये पालकांची सभा घेऊन पोरं गोळा करून गेला. त्याच्याविरुद्ध कुठंच कागद नव्हता. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला निदान एक राजा तरी लागायचा. इथं ते काम घरच्या घरी झालं होतं.

*

सभा झाली त्याच आठवड्यात चिवटे तिबिलिसीला गेले. ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, "मी येत नाही. तुम्ही एकटे जा." त्यांनी शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून दिल्या.

ईश्वरी आता दुसरीकडे राहत होती, दोन मुलींबरोबर. दिवसा एका औषधांच्या दुकानात भारतीय गिऱ्हाइकांना समजावून सांगायचं काम करायची. पुन्हा पहिल्यापासून फी जमवत होती आणि आईनं पाठवलेले पैसे तिनं दोनदा परत केले होते. दुपारच्या सुट्टीत ती वडिलांना दुकानासमोरच्या बागेत भेटली. वाळली होती. केस कापले होते. वाकून पाया पडली, प्रवास कसा झाला, विमानात जेवण दिलं का, हॉटेलात गरम पाणी आहे का, सगळं विचारलं. पाहुण्याचं करावं तसं सगळं व्यवस्थित.

बाकावर बसल्यावर चटणीचा डबा मांडीवर घेऊन ती म्हणाली, "आईला सांगा, मिळाली."

"ईशू, माझं चुकलं," चिवटे म्हणाले. हे वाक्य ते विमानात पाच तास घोकत आले होते. पुढचीही बरीच होती.

"हो," ती म्हणाली.

रागावली असती, रडली असती, तर त्यांना काहीतरी बोलता आलं असतं. ती समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या बसकडे बघत होती. तिची सुट्टी वीस मिनिटांची होती आणि बारा झाली होती.

"कार्ड कुठलं वापरतेस आता?" त्यांनी विचारलं, आणि विचारताच जीभ चावली.

"इथल्याच बँकेचं आहे. साधं."

"बरं केलंस."

ती उठली. दुकान उघडायची वेळ झाली होती. चिवटेही उठले आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला. लहानपणी रस्ता ओलांडताना घ्यायचे तसाच घेतला होता. पण त्यांचं बोट नकळत तिच्या मनगटावर सरकलं, आणि ते तिथं थांबलंय हे आधी तिच्या लक्षात आलं, मग त्यांच्या. तिनं हात ओढून घेतला नाही.

"बघा," ती म्हणाली. "बघून घ्या."

बोटाखाली तिची नाडी चालली होती. संथ, एका लयीत. कुठं चढ नाही, कुठं उतार नाही. बाप हात धरून रडतोय आणि तरी नाही. चिवट्यांना जरा धीर आला. म्हणजे ती अजून आपल्यापासून काहीतरी लपवते आहे, आत काहीतरी आहे अजून.

"आज गोळी घेतलीस का, बाळा?"

"नाही पप्पा," ईश्वरी म्हणाली. "सहा महिने झाले बंद करून."

आणि हात हळूच सोडवून घेऊन ती कामावर गेली.